घराची तसबीर आणि गवंड्याचा ओळंबा

दिवाळी अंक घरी आला की आधी कुणी कथा वाचीत नाही. आधी पाने चाळली जातात, आणि चाळताना हात थांबतो तो घरांच्या जाहिरातींवर. कुठे डोंगराच्या कुशीतला बंगला, कुठे पांढऱ्याशुभ्र पडद्यांची बैठकीची खोली, कुठे नुसतीच हिरवीगार जमीन आणि मागे ढगांत शिरलेला कडा. गेल्या काही वर्षांत या जाहिरातींतला कडा पुष्कळदा आमच्याकडचा असतो. शहापूरकडचा असला तर माहुलीचे सुळके ओळखू येतात. मुरबाडकडचा असला तर सिद्धगड किंवा गोरखगड. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो, तेव्हा या तसबिरी कमी होण्याचे चिन्ह नाही.

तसबिरी काढणारी पोरेही इथलीच. त्यांतली काही माझ्या वर्गात बसलेली आहेत. हात चांगला आहे, डोळा चांगला आहे, यंत्रे तर विचारूच नका. उणीव एकच वाटते: त्यांच्या कामाला कुणी नावे ठेवीत नाही. फोटो दाखवला की मित्र म्हणतात ‘मस्त’, आणि मालक म्हणतो ‘अजून हिरवे करता येईल का?’ इमारतीचे चित्र काढण्याची विद्या आपल्या मुलुखात आली तेव्हा हे असे नव्हते. ती विद्या आली तीच मुळी नावे ठेवणाऱ्यांच्या मेळाव्यात. तो इतिहास थोडक्यात सांगावा, म्हणून हा लेख.

१८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली संस्था. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघू लागले. सभासद बहुतेक गोरे, लष्करातले, डॉक्टरीतले, सरकारी नोकरीतले; परंतु त्यांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. नारायणरावांनी तर या कलेत चांगले नाव मिळवले. सभेत सभासद आपापली चित्रे मांडीत आणि त्यांवर बोलणे होई. मुंबईच्या दमट उन्हात रसायने कशी वागतात, कागद का पिवळा पडतो, सावलीतला भाग पुरता काळा का होतो, असल्या गोष्टींचा तेव्हा कुणालाच पूर्ण उलगडा नव्हता. त्यामुळे एकाचे बिघडलेले चित्र हा दहांचा धडा ठरे. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. शाळेत कॅमेरा शिकवायचा, ही कल्पना आज नवी म्हणून मांडणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता इमारतीच का? तर त्या हलत नाहीत. कागदी निगेटिव्हवर चित्र उमटायला मिनिटे मोजावी लागत. माणूस तेवढा वेळ खांबासारखा उभा राहत नाही. खांब मात्र राहतो. शिवाय कंपनी सरकारला देशातल्या जुन्या इमारतींची नोंद हवी होती आणि चित्रकाराकडून ती करून घेणे महागात पडे. म्हणून १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना या कामावर नेमले. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे या बाजूच्या इमारतींची चित्रे घेतली. पण लष्कराने त्यांना लवकरच परत बोलावले. त्यांच्या जागी डॉ. पिगू आले, त्यांच्यामागून डॉ. नील. तिघांच्या कामातून १८६६ साली लंडनला मोठाले ग्रंथ निघाले: एक विजापूरवर, एक अहमदाबादवर, एक धारवाड-म्हैसूरवर.

या ग्रंथांना मजकूर लिहिणाऱ्यांत जेम्स फर्ग्युसन होते. इमारतींच्या छायाचित्रांचा परीक्षक म्हणून इतिहासात कुणाचे नाव घ्यायचे झाले तर मी प्रथम यांचे घेईन. हे मूळचे बंगालमधले निळीचे व्यापारी. तरुणपणी देशभर हिंडून त्यांनी देवळे-मशिदी स्वतः रेखाटल्या होत्या. पुढे ते विलायतेत स्थायिक झाले आणि इकडून जाणाऱ्या छायाचित्रांचे ढीग पुढ्यात घेऊन बसले. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी हिंदी वास्तूंची सुमारे पाचशे छायाचित्रे मांडली. चित्र शोभिवंत आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न नसे. या चित्रावरून इमारत कळते का, हा असे. खांबाचे शीर्ष स्पष्ट आहे का, पायथा कापला गेला आहे का, शेजारच्या देवळाशी ताडून पाहता येईल अशा बाजूने घेतले आहे का? कळस सुंदर आला आणि जोते चौकटीबाहेर राहिले, तर इतिहासकाराला ते चित्र निम्मेच उपयोगी. आज घर विकत घेणाऱ्यालाही जोतेच आधी पाहायचे असते, हा भाग निराळा.

परंतु दूर बसून परीक्षा करणाऱ्याचे एक व्यंग असते आणि ते फर्ग्युसनमध्ये पुरेपूर होते. चित्रात जे आले नाही ते जगात नाहीच, असे त्याला वाटू लागते. बंगालचे राजेंद्रलाल मित्र आणि त्यांचा झगडा प्रसिद्ध आहे. हिंदूंनी दगडी बांधकाम ग्रीकांपासून उचलले, या फर्ग्युसनच्या मताला मित्रांनी हरकत घेतली. त्यावर १८८४ मध्ये फर्ग्युसननी एक सबंध पुस्तक लिहून मित्रांची यथेच्छ खिल्ली उडवली. गंमत अशी की मित्र हेही कॅमेऱ्याचे जाणकार. कलकत्त्याच्या फोटोग्राफिक सोसायटीचे ते सभासद होते, आणि १८५७ साली निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांना तिथून काढून टाकण्यात आले होते. चित्राला नावे ठेवणारे मंडळ माणसालाही नावे ठेवू लागले की त्याची सभा होत नाही, कचेरी होते.

बाहेरच्या बाजूने घर टिपणे एक वेळ सोपे. उन्हाकडे पाठ केली, सकाळची वेळ साधली की अर्धे काम झाले. आतली खोली टिपणे कठीण, कारण आत काळोख असतो आणि दारातून मात्र डोळे दिपवणारा उजेड येतो. माणसाचा डोळा दोन्ही एकदम पाहतो. काचेवरच्या रसायनाला ते जमत नसे. दाराकडचे पांढरे पडे किंवा कोपऱ्यातले काळे राही. आमच्या प्रांतात या कोड्याशी झगडण्याची जागा म्हणजे लेणी. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. त्या नकला विलायतेत क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. मात्र त्यांनी नंतरच्या काळात कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची चित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली होती, ती उरली. मजकूर पुन्हा फर्ग्युसनचाच.

घारापुरीच्या लेण्यांवर १८७१ साली डी. एच. साइक्स यांच्या छायाचित्रांसह पुस्तक लिहिणारे जेम्स बर्जेस हे तर मूळचे मुंबईतले शाळामास्तर, एका पारशी शाळेचे प्रमुख. पुढे पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा कारभार त्यांच्याकडे आला. मास्तर माणसाला चुका दाखवायची सवय असते, ती इमारतींच्या नोंदीत कामी आली, असे मी मोठ्या आनंदाने नमूद करतो.

काळोखावर उपाय अनेक झाले. पिआत्सी स्मिथ या ज्योतिषशास्त्रज्ञाने १८६५ साली मिसरच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात मॅग्नेशियमची तार जाळून चित्रे घेतली. आपल्याकडे लेण्यांत आरसा किंवा पांढरे कापड धरून बाहेरचे ऊन आत फेकीत. अजिंठ्याचे रखवालदार पुढे कितीतरी वर्षे पाहुण्यांना हाच चमत्कार दाखवीत. इंग्लंडात फ्रेडरिक इव्हान्स नावाच्या एका पुस्तकविक्याने तिसरी वाट धरली. तो चर्चमध्ये दिवसच्या दिवस राहून उजेड कसा सरकतो ते पाहत बसे आणि मग चित्र घेई. वेल्सच्या चर्चमधल्या झिजलेल्या पायऱ्यांचे त्याचे १९०३ चे चित्र आजही पाहिले की वाटते, पाय टाकला तर टेकेल. अजिंठ्यालाही अखेर हीच वाट उपयोगी पडली. १९९१ च्या सुमारास बिनय बहल यांनी झगझगीत दिवे न लावता, आतल्या मंद उजेडातच कॅमेरा दीर्घ काळ उघडा ठेवून भित्तिचित्रे टिपली, आणि तोवर झाकून राहिलेले रंग दिसू लागले.

आमच्या ठाणे जिल्ह्यातले उदाहरण घ्यायचे तर अंबरनाथचे. वालधुनीकाठचे ते शिवालय शिलाहारांचे. १८६८ मध्ये सरकारी हुकमावरून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या मंडळींनी तिथे मोजमापे घेतली, नकाशे काढले, मूर्तींचे साचे घेतले; जोडीला छायाचित्रेही घेतली गेली. एकाच भिंतीची तीन तऱ्हांनी नोंद! चित्रात खोली किती ते कळत नाही, ते साच्यात कळते. साच्यात उजेड नसतो, तो चित्रात असतो. आणि दोन्हींचे माप नकाशावर तपासता येते. एकाने दुसऱ्याची चूक पकडावी, अशी ही योजना.

चूक पकडण्याचा एक नामी किस्सा याच देवळातला आहे. तिथल्या शिलालेखातला शक डॉ. भाऊ दाजींनी ७८२, म्हणजे इसवी सन ८६० असा वाचला. भाऊ दाजींच्या शब्दाला केवढे वजन! परंतु त्यांच्याच पदरी तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच आकडा ९८२ वाचला, म्हणजे इसवी सन १०६०. एका अक्षरखुणेने देऊळ दोनशे वर्षांनी पुढे आले. आज भगवानलालांचेच वाचन मान्य आहे. हेच भगवानलाल आमच्या नाणेघाटातही येऊन गेले. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून चढून गेले की घाटमाथ्यावर ते लेणे लागते. आत भिंतीभर सातवाहनांचा लेख आणि मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती. मूर्ती झिजून गेल्या, वरची नावे तेवढी उरली. भिंत जवळून, कडेच्या उजेडात, पुन्हा पुन्हा पाहिल्याखेरीज तिथले अक्षर लागत नाही. समोरून ऊन पडले की कोरीव रेघ पुसल्यासारखी दिसते. कडेने पडले की उठून येते. भिंत टिपणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा नाणेघाटात जाऊन पाहावे. चढ आहे, पण घरी बसून कळणारे नव्हे.

अंबरनाथच्या गाभाऱ्यात वीसएक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. वरचे शिखर अपुरे, उघडे. त्यामुळे पिंडीवर उजेड येतो तो आकाशातून. सभामंडपाच्या काळोखातून उतरत गेल्यावर खाली उजेड भेटावा, हे त्या जागेचे मर्म. दिवे लावून सगळे सारखे उजळले तर चित्र स्वच्छ येईल आणि गाभारा निघून जाईल.

आता गवंड्याकडे येतो. शहापूर बाजारात एका चहाच्या दुकानात एका नव्या बंगल्याचा मोठा रंगीत फोटो लावलेला होता. शेजारी चहा पीत बसलेले म्हातारे गवंडीदादा तो बराच वेळ न्याहाळीत होते. शेवटी मला म्हणाले, “गुरुजी, या घराचा ओळंबा कुणी धरला होता? दोन्ही भिंती आत झुकल्यात.” भिंती झुकलेल्या नव्हत्या, झुकला होता कॅमेरा. छप्पर चौकटीत यावे म्हणून काढणाऱ्याने यंत्र वर उचलले, की उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे कलतात. ऐंशी वर्षांच्या दृष्टीला, जिने आयुष्यभर दोरीला टांगलेल्या लोखंडी लंबकाकडे पाहिले, ते क्षणात खुपले. बिग्ज आणि पिगूंच्या काळच्या लाकडी कॅमेऱ्यांवर यावर साधी तोड होती. मागची काच ओळंब्यात उभी ठेवायची आणि पुढचे भिंग तेवढे वर सरकवायचे. भिंत सरळ राही, छप्परही मिळे. खिशातल्या फोनात ती सोय नाही. मग एक तर लांब जावे, नाही तर उंचावर चढावे, नाही तर नंतर संगणकावर रेघा सरळ कराव्यात. तिसऱ्या उपायात घर थोडे ताणले जाते.

ताणण्याचा विषय निघाला म्हणून आतल्या खोल्यांबद्दल सांगतो. फार रुंद टापू घेणारी भिंगे हल्ली फोनातही येतात. त्यांनी दहा बाय दहाची खोली दिवाणखाना दिसते. जवळचा पलंग होडीएवढा आणि दूरची खिडकी आगपेटीएवढी होते. यावर जुन्या लोकांची युक्ती सोपी होती: मापासाठी माणूस उभा करणे. देवळाच्या दाराशी उभा असलेला पट्टेवाला शोभेसाठी नसे. तो जिवंत मोजपट्टी असे. आजच्या जाहिरातीतल्या खोलीत माणूस नसतो. का नसतो, ते खरेदीला जाणाऱ्याने एकदा मनाशी विचारावे.

आमच्याकडच्या जुन्या घरांचा उजेड तर शहरी डोळ्याला कळतच नाही. कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा लेप, सारवलेली जमीन, खाली ओढलेले छप्पर. ओटीवर लख्ख, आत पाऊल टाकले की थंडगार काळोख, आणि कुडाच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या काड्या. मुरबाडकडच्या एका पाड्यावर अशाच घराचा झगझगीत दिवा लावून घेतलेला फोटो एका आजीबाईंना दाखवला गेला. त्या म्हणाल्या, “घर माझाच हाय, पण ह्यात निवारा दिसत नाय.” फर्ग्युसनच्या ग्रंथांत इतके नेमके परीक्षण मला आढळले नाही.

हे सगळे केवळ कलेपुरते असते तर मी दिवाळीची पाने अडवली नसती. तसबीर पाहून माणसे आयुष्याची पुंजी गुंतवतात. आमच्याकडच्या जमिनींच्या तसबिरी श्रावणात घेतलेल्या असतात. तेव्हा कातळाच्या प्रत्येक भेगेतून पाणी धावते. तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे, भातसाही शहापुरातच. आणि त्याच तालुक्यातले पाडे चैत्र-वैशाखात टँकरच्या शिट्टीकडे कान लावून बसतात. श्रावणातली तसबीर खोटी नाही. ती वर्षातले दोन महिने दाखवते आणि दहा लपवते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमाने जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या माणसाला भरपाईचा हक्क दिला, आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात त्यासाठी महारेरा बसले आहे. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या योजनेला तिथे नोंदणी लागत नाही. आणि नोंदणी असली तरी ऋतूला कायदा कोणते कलम लावणार?

माझा एक जुना विद्यार्थी हे प्लॉटांचे फोटो काढण्याचे काम करतो. त्याने एका जागेचा फोटो घरी दाखवला, तेव्हा त्याच्या आजोबांनी मागचा ओढा पाहून एवढेच विचारले, “हा कोणत्या महिन्यातला रे?” पोरगा वैशाखात पुन्हा गेला आणि त्याच दगडावर उभा राहून तीच चौकट धरली. ओढ्याच्या जागी पांढरे गोटे होते; पण बांधावरचा मोह आणि आंबा हिरवेगार होते, आणि श्रावणातल्या फोटोत धुक्यामागे दडलेली विहीर स्पष्ट दिसत होती, तळाशी पाण्यासकट. तेव्हापासून तो प्रत्येक फोटोखाली महिना लिहितो. मालकाने दोनदा तो खोडायला लावला. तिसऱ्या खेपेस डोंबिवलीहून आलेले गिऱ्हाईकच महिना विचारू लागले, तेव्हा मालक म्हणाला, राहू दे.